रुबेला: लस आली आणि धोका वाढला, असं कसं?

लहान मुलाला रुबेला झाला तर काय होतं? बारीक ताप, दोन-तीन दिवस पुरळ, कानामागच्या गाठी सुजतात, संपलं. कित्येकदा घरच्यांना कळतही नाही. मग बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांची प्रतिकारशक्ती मोजत आपण का बसतो?

उत्तर १९४१ मध्ये मिळालं. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं यायला लागली, आणि त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता हे त्यांनी हेरलं. मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष: हा आजार आईला फारसा त्रास न देता बाळाचं आयुष्यभराचं नुकसान करतो.

आता ग्रीसची गोष्ट. या विषयात उतरणाऱ्याने ती आधी वाचावी असं माझं मत आहे. तिथे साधारण १९७५ पासून वर्षाच्या बाळांना एमएमआर लस द्यायला लागले. पण ती बहुतेकांपर्यंत पोचवायची योजना नव्हती, वयात आलेल्या मुलींसाठीही काही नव्हतं. ऐंशीच्या दशकात लसीकरण ५० टक्क्यांच्या खालीच राहिलं.

निम्म्या मुलांना लस मिळाली की विषाणूचं फिरणं कमी होतं, पण थांबत नाही. पूर्वी लस न घेतलेल्या मुलीला पाचव्या-सहाव्या वर्षी रुबेला होऊन जायचा आणि ती कायमची सुरक्षित व्हायची. आता तो तिला गाठतच नाही. ती बाविशीत पोचते तेव्हा तिच्याकडे ना लस असते, ना जुना संसर्ग. १९९३ मध्ये साथ आली ती तरुणांमध्ये, आणि पाठोपाठ जन्मजात रुबेलाची २५ बाळं प्रयोगशाळेत निश्चित झाली. म्हणून तर लस सुरू करायची असेल तर किमान ८० टक्के मुलांपर्यंत पोचण्याची तयारी ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना २०२४ पर्यंत सांगत होती.

त्यामुळे प्रबंधात 'एकूण इतके टक्के आयजीजी पॉझिटिव्ह' एवढंच लिहून थांबू नका. आकडा वयोगटांत फोडा. तरुण गटात तो खाली गेलेला दिसला तर खरी बातमी तिथे आहे. आयजीजीवरून संसर्ग झाला होता की लस घेतली होती हे कळत नाही, त्यामुळे लसीचं कार्ड मागावंच लागतं. सीमारेषा सहसा १० आययू प्रति मिली धरतात. तिच्या आसपासच्या 'संदिग्ध' नमुन्यांचं काय करायचं ते डेटा बघायच्या आधी ठरवा. नंतर ठरवलं की हात आपोआप हव्या त्या बाजूला झुकतो!

आपल्याकडे वयाची अशी एक रेघ आधीच आखलेली आहे. महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, ९ महिने ते १५ वर्षांखालच्या मुलांसाठी. तेव्हा सोळा वर्षांची असलेली मुलगी तिच्या बाहेर राहिली. रेघेच्या दोन्ही बाजूंच्या स्त्रिया नमुन्यात एकत्र मिसळल्या तर सरासरी छान येईल आणि तिच्यासारख्या मुली त्यात दिसेनाशा होतील.

शेवटचं, आणि याचा विचार नैतिक समितीकडे जाण्याआधीच करा. नमुने गोळा करायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे गरोदर स्त्रियांची ओपीडी. पण ही लस जिवंत विषाणूची, गरोदरपणात देत नाहीत. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तिला काय सांगणार? पुरळ आलेल्या माणसापासून लांब राहायला, आणि बाळंतपणानंतर लस घ्यायला. ती लस कोण देणार, तिला आठवण कोण करणार, हे प्रोटोकॉलमध्ये नावानिशी लिहा.