मनाचा आजार : गोळी खंडू देऊ नका!

कुणी जरा विचित्र वागला की आपल्याकडे लोक हसत म्हणतात, "याला ठाण्याला पाठवा!" उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ‘ठाणे’ या शब्दाला हा एक जादा अर्थच चिकटला आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. इतक्या वर्षांत हजारो माणसे तिथून बरी होऊन घरी आली. पण आपली थट्टा काही थांबली नाही. या थट्टेमुळेच घरातला आजार लपवला जातो आणि उपचाराला उशीर होतो.

समाजाचे काम करताना आम्हाला जे दिसते ते असे. कंपनीत रात्रपाळी करणारा मुलगा झोपेनासा होतो, एकटाच बोलतो, शेजारी आपल्यावर टपले आहेत म्हणतो. घरचे आधी भगताकडे नेतात. पैसे जातात, महिने जातात. मग कुणीतरी मनोविकारतज्ज्ञाचे नाव सांगतो. गोळ्या सुरू होतात, मुलगा सुधारतो, कामावरही जातो. आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा सारे पहिल्यासारखे! चौकशी केली की कळते, गोळी बंद झाली होती. म्हणजे डॉक्टर सापडणे हे अर्धेच काम. तो डॉक्टर आणि ती गोळी टिकवणे हे उरलेले अर्धे, आणि तेच अवघड.

जायचे कुठे?

उल्हासनगर-३ मध्ये सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे. अंबरनाथला छाया रुग्णालय आहे. बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. सुरुवात इथून करावी. मनाच्या आजाराचे डॉक्टर कोणत्या वारी भेटतील हे केसपेपरच्या खिडकीवर मोकळेपणाने विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पुढे पाठवले तर चिठ्ठी लेखी मागून घ्यावी. पुढची ठिकाणे म्हणजे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि ठाण्याचे मनोरुग्णालय. मनोरुग्णालयात गेले म्हणजे माणसाला आत ठेवूनच घेतात, हा गैरसमज आहे. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. दाखवून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येता येते.

रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले, कुणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागले, तर त्याला एकटे सोडू नये आणि १४४१६ हा नंबर फिरवावा. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येते.

गोळी का सुटते?

बदलापूरहून ठाणे सुमारे ३५ किलोमीटर. लोकलची गर्दी, दवाखान्यातली रांग, म्हणजे पूर्ण दिवस मोडतो. रुग्णाबरोबर घरचे एक माणूस लागते, म्हणजे दोघांचा रोज बुडतो. हे एक कारण. दुसरे, नाक्यावरच्या मेडिकलमध्ये ती गोळी नसते, आणि चिठ्ठीशिवाय ती देताही येत नाही. तिसरे कारण सर्वांत घातक : "आता बरा झालाय, कशाला गोळ्या?"

ताप उतरला की गोळी थांबते, तसे इथे नाही. हे औषध रक्तदाबाच्या गोळीसारखे समजावे. उदासीच्या आजारावरच्या गोळीचा गुण यायलाच दोन-चार आठवडे लागतात. गोळीने सुस्ती आली, हात थरथरला, वजन वाढले तर डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा बदलतात किंवा गोळी बदलतात. आपल्या मनाने एकदम बंद करू नये. लिथियम चालू असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासावे.

घरात एक वही घालावी. जमाखर्च लिहितो तसे लिहावे : गोळीचे नाव, किती आणल्या, रोज किती, शिल्लक किती. आठ दिवसांची शिल्लक उरली की पुढची सोय करावी. चिठ्ठीची झेरॉक्स वहीत चिकटवावी.

भीक नव्हे, हक्क!

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला. ग्रामीण रुग्णालय आणि त्यावरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत यादीतली मनोविकारावरची औषधे मोफत मिळाली पाहिजेत, असे तो सांगतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारही मोफत झाले आहेत. "गोळी संपली, बाहेरून घ्या" असे उत्तर मिळाले, तर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. बाबासाहेबांनी आपल्याला अर्ज लिहायला शिकवले ते अशाच वेळेसाठी.

हाच कायदा रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई करतो. तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. रुग्ण साखळीने बांधलेले होते. पळता न आल्याने २८ जण जळून मेले. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तर भगताचा उंबरठा आठवायलाही नको.

विहाराने काय करावे?

पटाचाराची कथा आपण विहारात ऐकतो. पती गेला, दोन्ही लेकरे गेली, आईबाप गेले आणि ती देहभान हरपून फिरू लागली. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. तथागतांनी तिला अडवू दिले नाही, भगिनी म्हणून हाक मारली. गर्दीतल्या एकाने आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. हीच पटाचारा पुढे भिक्खुणी संघात विनयामध्ये अग्रगण्य ठरली.

ते वस्त्र टाकणारा माणूस आज आपल्या वस्तीत पाहिजे. एका स्टेशनवरून चार घरांचे रुग्ण ठाण्याला जात असतील, तर त्यांनी एकाच दिवशी जावे. मंडळाचा एक कार्यकर्ता आणि महिला मंडळाची एक ताई बरोबर असली की प्रत्येक घरातल्या माणसाचा रोज वाचेल. गाडीभाड्यासाठी विहाराच्या दानपेटीतून थोडी रक्कम बाजूला काढावी. कुणाचे नाव फळ्यावर लिहू नये, चारचौघांत चर्चा करू नये. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर हा विषय जरूर काढा. आणि "ठाण्याला पाठवा" म्हणून कुणी हसला, तर त्याला सांगा : पाठवणार नाही, आम्ही बरोबर जाणार आहोत!

जयभीम!