कोसा, फोम आणि आईचं ब्लँकेट

मे महिना, चंद्रपूर, दुपारचे दोन. बाहेर पारा ४५ च्या पुढे आणि मी घरात इस्त्री करतेय! मावसबहिणीचं लग्न होतं. त्यात आईची आरमोरीची कोसा साडी नेसायची, हे पुण्याहून निघतानाच ठरलेलं. कोसा म्हणजे आमच्या गडचिरोलीकडचं टसर, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचं रेशीम. नवी साडी मिळेल हो, पण २० वर्षं नेसून मऊ झालेली कुठून आणणार?

आधी कॉटनचा कुर्ता फुल हीटवर केला. मग हीट कमी करून साडी पसरली. पदर उचलायला गेले, तर तो खाली चिकटलेला! बोर्डची चकचकीत खोळ वितळली होती, आतला फोमही चेपला होता. पदराच्या टोकाला तपकिरी डाग. आई काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

साडी घेऊन गल्लीतल्या प्रेसवाल्या काकांकडे धावले. "अवं ताई, फोमवर काहून प्रेस करता? आमचा टेबल पाहा ना!" पाहिला. कोळशाची इस्त्री, खाली लोकरीच्या ब्लँकेटची घडी, वर सुती चादर. बस्स.

गंमत म्हणजे यामागे साधं विज्ञान आहे. इस्त्रीवरच्या तीन टिंबांना तळ साधारण २०० अंशांवर जातो. पॉलिएस्टर वितळतं २५० च्या आसपास, पण मऊ पडतं त्याच्या बरंच आधी. लोकर आणि सूत वितळतच नाहीत, फार तर करपतात. बाजारातली चंदेरी खोळ उष्णता परत कपड्याकडे फेकते. जाड कॉटनला ते झकास, पण कोशाला दोन्हीकडून चटका! रेशमाला दोन टिंबांच्या वर जायचंच नाही, तेही मध्ये सुती कापड ठेवून.

मग मी मे महिन्यात, चंद्रपुरात, आईकडे ब्लँकेट मागितलं. तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. हल्लीची बरीच ब्लँकेटं सिंथेटिक असतात, म्हणून एक धागा जाळून बघा: केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली तर लोकर, कडक मणी झाला तर बाद. बोर्डच्या मापाचे दोन थर कापले. वर मांजरपाट, पण आधी धुऊन, नाहीतर नंतर आटतो. बोर्डपेक्षा चारही बाजूंनी चार बोटं जास्त ठेवून कडेला नेफा शिवला आणि नाडी ओवून खालून आवळली. शिवण सुती दोऱ्याचीच हवी हं, पॉलिएस्टरचा दोरा वितळून उसवतो.

लग्नात आईनं पदराचं ते टोक निऱ्यांमध्ये असं काही दडवलं की मावशीलाही कळलं नाही. बोर्ड आता पुण्याच्या फ्लॅटवर आहे, सोमवारी सकाळी त्याच्यासाठी रांग लागते. डिसेंबरमध्ये आईचा फोन आला, "थंडी पडली बरं का. माझं ब्लँकेट कुठाय?"