डिझेल गाडीला ‘साडेसाती’ का लागते? शिंगणापूरच्या फेऱ्यांतून समजून घ्या

शनिवार असो वा शनी अमावास्या, शनिशिंगणापूरच्या वाहनतळावर शिर्डीहून भाविकांना घेऊन येणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. भाविक दर्शनाला जातात आणि उन्हाळ्यात अनेकदा एसीसाठी इंजिन सुरूच राहते. अशा वेळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, तर ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ असे म्हणून तो सोडून दिला जातो. डिझेल गाडीच्या बाबतीत हे दुर्लक्ष लाखाच्या घरात जाऊ शकते. ज्याचा गाडीचा हप्ता रोजच्या भाड्यावर फिटतो, त्याच्यासाठी तर गाडी गॅरेजमध्ये उभी राहणे हाच दुसरा फटका. हे नेमके का होते?

एकच गाडी, दोन वेगळे प्रवास

शिर्डी ते शिंगणापूर हे अंतर राहुरी-सोनई मार्गे सुमारे ७० किलोमीटर. एवढ्या प्रवासात इंजिन आणि सायलेन्सरची यंत्रणा चांगली तापते. याउलट अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगर महामार्गावरच्या घोडेगावपासून शिंगणापूर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. दिवसभर फक्त अशाच छोट्या फेऱ्या मारणारी गाडी पुरेशी तापतच नाही. आधुनिक डिझेल इंजिनाचे दुखणे इथूनच सुरू होते.

डीपीएफ म्हणजे काय?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले. तेव्हापासून डिझेल कारमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. जाळीत साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते. त्यासाठी जाळीचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत न्यावे लागते आणि इंजिन थोडे जास्तीचे डिझेल सोडते.

मधेच गाडी बंद केली की ही सफाई अर्धवट राहते. वारंवार असे झाले की जाळी तुंबते. शिवाय न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते आणि त्याची वंगणाची ताकद घटते. म्हणूनच डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर ती चांगली खूण नव्हे.

खर्च कसा वाढत जातो?

- पहिला टप्पा : फक्त पिवळा दिवा. महामार्गावर १५-२० मिनिटे सलग, एकसारख्या वेगाने गाडी चालवली की बहुतेकदा दिवा जातो. खर्च फक्त डिझेलचा.
- दुसरा टप्पा : गाडीची ओढ कमी होते, इंजिनाचा दिवाही लागतो. आता वर्कशॉपमध्ये यंत्र जोडून सफाई करावी लागते. बिल हजारांत.
- तिसरा टप्पा : जाळीच बदलणे. अनेक मॉडेल्समध्ये हा खर्च लाखाच्या आसपास किंवा त्याहून पुढे जातो.
- चौथा टप्पा : पातळ ऑइलमुळे टर्बोची झीज. टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक वेळा फिरते. वंगण कमी पडले तर त्याचे बेअरिंग टिकत नाही.

इंजेक्टरचा खर्च वेगळाच. त्यातून डिझेल १,६०० बार किंवा त्याहून अधिक दाबाने फवारले जाते. डिझेलमधले पाणी किंवा कचरा तिथे पोहोचला, तर चारही इंजेक्टर बदलण्याची वेळ येऊ शकते.

जुनी डिझेल इंजिने बरी होती का?

‘मल्टिजेटच्या काळात असे नव्हते,’ असे अनेक जण म्हणतात. फियाटचे हे १.३ लिटरचे इंजिन पुणे-अहिल्यानगर मार्गावरच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होत असे. मारुतीची स्विफ्ट, टाटाची इंडिका व्हिस्टा अशा अनेक गाड्यांनी ते वापरले. बीएस-६ लागू झाल्यावर या गाड्यांतून ते बाद झाले. त्या काळी बहुतेक गाड्यांत डीपीएफ नसल्याने जाळीचा त्रास नव्हता, हे खरे. पण ऑइल वेळेवर न बदलल्यास त्याचीही टायमिंग चेन सैल पडत असे. जुने असो वा नवे, डिझेल इंजिनाला ऑइलची हयगय चालत नाही.

डीपीएफ काढून टाकला तर?

काही ठिकाणी असा सल्ला मिळतो. मात्र उत्पादकाने दिलेल्या रचनेत असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. वॉरंटी धोक्यात येते आणि काजळी थेट रस्त्यावरच्या माणसांच्या छातीत जाते.

चालकांनी काय करावे?

- छोट्या फेऱ्याच असतील, तर आठवड्यातून एकदा तरी महामार्गावर २०-३० मिनिटे सलग गाडी चालवा.
- वाहनतळावर तासन् तास इंजिन सुरू ठेवू नका.
- मॅन्युअलमध्ये सांगितलेले, डीपीएफला चालणारे ऑइलच वापरा. फेऱ्या छोट्या असतील तर ते ठरलेल्या मुदतीआधी बदला.
- डिझेल फिल्टर वेळेवर बदला. पाण्याचा इशारा देणारा दिवा लागला, तर गाडी पुढे रेटू नका.
- लांबच्या प्रवासानंतर इंजिन अर्धा-एक मिनिट सुरू ठेवून मगच बंद करा. टर्बो थंड होतो.
- गाडीत डीईएफची टाकी असेल, तर ती रिकामी होऊ देऊ नका. ती संपली की इंजिन पुन्हा सुरू होत नाही.

डिझेल घ्यावी की नाही?

रोज शिर्डी-शिंगणापूरसारखा लांबचा पल्ला असेल, तर डिझेल आजही परवडते. गावातल्या गावात फिरायचे असेल, तर पेट्रोल किंवा सीएनजीचा विचार आधी करा. जुनी डिझेल गाडी घेताना किलोमीटरच्या आकड्यासोबत आणखी एक प्रश्न विचारा : हे किलोमीटर महामार्गावर झाले की गल्लीबोळांत?