दिवाळखोरीचा कायदा नसलेले ऋणको

एखादी भारतीय कंपनी कर्ज फेडू शकली नाही, तर २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार तिचे प्रकरण न्यायाधिकरणापुढे जाते, सर्व धनकोंना एकत्र बसवले जाते आणि ३३० दिवसांत निकाल लागावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मुदत अनेकदा ओलांडली जात असली, तरी कायदा आहे आणि त्याला मुदतीची जाणीव आहे. देशांसाठी असे न्यायाधिकरण अस्तित्वातच नाही. आफ्रिकेतील झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या डॉलरमधील कर्जरोख्यांवरील ४ कोटी २५ लाख डॉलरचे व्याज थकवले आणि रोखेधारकांशी त्याचा हिशेब पूर्ण झाला तो जून २०२४ मध्ये. या साडेतीन वर्षांत झांबियाची चूक किती आणि व्यवस्थेची किती, याचा निवाडा करण्याचा अधिकार कोणत्याही एका संस्थेकडे नव्हता. आंतरराष्ट्रीय कर्जपुरवठ्यातील सुधारणांची चर्चा बहुधा किती कर्ज माफ करावे या प्रश्नाभोवती फिरते. परंतु देश विकासाच्या कोणत्या पायरीवर उभा आहे, यावर त्याचे कर्ज कोणत्या चलनात आणि कोणाच्या कायद्याखाली लिहिले जाते हे ठरते, आणि संकटाच्या वेळी खरा फरक तेथेच पडतो.

देशांना कर्ज देणारे ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक यांसारख्या बहुपक्षीय संस्थांचा, दुसरा एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेल्या कर्जाचा आणि तिसरा खाजगी धनकोंचा, म्हणजे बँकांचा आणि रोखे विकत घेणाऱ्या गुंतवणूकदारांचा. दरडोई उत्पन्नानुसार जागतिक बँक देशांची अल्प, निम्न-मध्यम, उच्च-मध्यम आणि उच्च अशा चार गटांत विभागणी करते आणि अगदी गरीब देशांना १९६० मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय विकास संघटनेमार्फत नाममात्र व्याजाचे, दीर्घ मुदतीचे कर्ज देते. भारत या संघटनेचा दीर्घकाळ सर्वांत मोठा ऋणको होता आणि २०१४ मध्ये त्या यादीतून बाहेर पडला. उत्पन्न वाढले की स्वस्त कर्ज आटते आणि देशाला बाजारातून रोखे काढावे लागतात. म्हणजे प्रगतीची पहिली किंमत महाग व्याजाच्या रूपाने चुकती करावी लागते, हे या व्यवस्थेचे काहीसे विचित्र वैशिष्ट्य आहे.

सर्वांत वरच्या पायरीवरच्या देशांची गोष्ट वेगळीच आहे. जपानचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक असूनही तो देश संकटात सापडत नाही, कारण ते कर्ज येनमध्ये आहे आणि बहुतांशी देशातल्याच बचतीतून उभे राहिलेले आहे. विकसनशील देशांना परदेशी धनको स्थानिक चलनात कर्ज देण्यास सहसा तयार नसतात. बॅरी आयकेनग्रीन आणि रिकार्दो हाउसमन या अर्थतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘मूळ पाप’ असे नाव दिले. क्वाचा हे झांबियाचे चलन घसरले की त्याचे डॉलरमधील कर्ज एक पैसाही नव्याने न घेता फुगते, आणि अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने स्वतःच्या देशातील महागाई रोखण्यासाठी व्याजदर वाढवले तर तो भार हजारो मैल दूरच्या तिजोरीवर पडतो. १९८१ मध्ये अमेरिकेतील अल्पमुदतीचे व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास गेले आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेक्सिकोने परतफेड करता येत नसल्याचे कळवले. तेथून सुरू झालेल्या लॅटिन अमेरिकेच्या कर्जसंकटात बँकांनी सवलत देण्याचा ठोस मार्ग निघण्यासाठी १९८९ पर्यंत, म्हणजे ब्रेडी योजनेपर्यंत, वाट पाहावी लागली.

कर्ज कोणाच्या कायद्याखाली लिहिले आहे, या संदर्भात श्रीमंत देशांच्या गटातील ग्रीसचे उदाहरण फार बोलके आहे. मार्च २०१२ मध्ये खाजगी रोखेधारकांकडे असलेल्या सुमारे २०६ अब्ज युरोंच्या ग्रीक रोख्यांच्या दर्शनी मूल्यात, म्हणजे रोख्यावर छापलेल्या मुद्दलाच्या रकमेत, ५३.५ टक्के कपात झाली. यांतील बहुतेक रोखे ग्रीसच्याच कायद्याखाली काढलेले होते, त्यामुळे ग्रीक संसदेने फेब्रुवारीत एक कायदा करून बहुसंख्य रोखेधारकांचा निर्णय उरलेल्यांवर बंधनकारक ठरवला आणि काही आठवड्यांत व्यवहार पार पडला. ग्रीक जनतेच्या वाट्याला त्यानंतर आलेली काटकसर अतिशय कठोर होती, हे खरेच. तरीही हे हत्यार ग्रीसच्या हाती होते, तसे झांबियाच्या हाती नव्हते, कारण झांबियाचे रोखे इंग्लंडच्या कायद्याखाली काढलेले होते.

झांबियाला कर्जमाफी नवी नव्हती. नाणेनिधी आणि जागतिक बँक यांनी १९९६ मध्ये अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठी एक योजना सुरू केली, तिच्यात २००५ मध्ये बहुपक्षीय कर्जाच्या माफीची भर पडली आणि पुढे एकूण ३७ देशांना तिचा लाभ मिळाला. झांबियाचे बहुतांश जुने कर्ज २००५-०६ मध्ये असेच निघून गेले. मात्र माफी सर्व धनकोंवर बंधनकारक नव्हती. डोनेगल इंटरनॅशनल या निधीने झांबियाचे रुमानियाला देणे असलेले जुने कर्ज १९९९ मध्ये सुमारे ३२ लाख डॉलरला विकत घेतले, लंडनच्या न्यायालयात साडेपाच कोटी डॉलरचा दावा लावला आणि २००७ मध्ये सुमारे दीड कोटी डॉलर पदरात पाडून घेतले. दुसऱ्यांनी सोडलेल्या पैशावर तिसऱ्याने नफा कमावण्याच्या अशा प्रकारांनंतर ब्रिटनने २०१० मध्ये त्यांना आळा घालणारा कायदा केला, पण तो जुन्या माफी योजनेतील देशांच्या जुन्या कर्जापुरताच मर्यादित राहिला.

पाटी कोरी झालेल्या झांबियाला २०११ मध्ये निम्न-मध्यम उत्पन्न गटात बढती मिळाली आणि २०१२ मध्ये ७५ कोटी डॉलरचे पहिले रोखे सुमारे साडेपाच टक्के व्याजाने सहज खपले. २०१५ मध्ये सव्वा अब्ज डॉलरच्या तिसऱ्या रोख्यांसाठी मात्र जवळपास नऊ टक्के मोजावे लागले, कारण दरम्यान तांब्याचे भाव पडले होते आणि देशाची निर्यात मुख्यतः तांब्यावरच चालते. त्याच काळात रस्ते, विमानतळ आणि वीजप्रकल्पांसाठी चीनकडूनही मोठी कर्जे घेतली गेली. या खर्चातील उधळपट्टीची जबाबदारी तेथील राज्यकर्त्यांना टाळता येणार नाही. पण ज्यांनी नऊ टक्के व्याज घेतले त्यांनी ते जोखमीचा मोबदला म्हणूनच घेतले होते, हेही विसरून चालत नाही.

२०२० मध्ये जी-२० गटाने गरीब देशांसाठी ‘समान चौकट’ आखली. तिचे सूत्र असे, की सरकारी धनकोंनी एका समितीत बसून सवलत ठरवावी आणि खाजगी धनकोंनीही तुलनेने तितकीच सवलत द्यावी. कर्ज देणाऱ्या, मुख्यतः पाश्चिमात्य, सरकारांचा पॅरिस क्लब हा गट १९५६ पासून अशा वाटाघाटी करत आला होता, पण आता सर्वांत मोठा सरकारी धनको असलेला चीन त्याचा सदस्य नव्हता. झांबियाने २०२१ च्या प्रारंभी अर्ज केला. चीन आणि फ्रान्स यांच्या संयुक्त अध्यक्षतेखालील समितीशी ६.३ अब्ज डॉलरच्या कर्जाचा समझोता जून २०२३ मध्ये झाला आणि परतफेडीची मुदत २०४३ पर्यंत लांबवण्यात आली. नोव्हेंबरमध्ये रोखेधारकांशी ठरलेला पहिला करार मात्र, त्यांनी पुरेशी सवलत दिली नाही म्हणून, याच समितीने फेटाळला. धनकोंमध्ये आधी सवलत कोणी द्यायची हा वाद चालला असताना नवी गुंतवणूक थांबते आणि चलन घसरते, त्यामुळे उशिराची किंमत ऋणको देशाच्या रुग्णालयांना आणि शाळांना मोजावी लागते.

श्रीलंकेची अडचण याहून चमत्कारिक होती. जागतिक बँकेने २०१९ मध्ये या देशाला उच्च-मध्यम उत्पन्न गटात बसवले आणि वर्षभरातच पुन्हा खाली आणले. तरीही ‘समान चौकट’ वापरण्याइतका तो गरीब ठरला नाही. २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय, नंतर ठप्प झालेले पर्यटन आणि २०२१ मधील रासायनिक खतांवरील बंदी यांनी तिजोरी आणि शेती दोन्ही खचली, आणि १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. इंधनासाठी रांगा लागल्या, औषधे मिळेनाशी झाली आणि जुलैमध्ये अध्यक्ष देश सोडून गेले. भारताने त्या वर्षी सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली आणि कर्ज सवलतीची हमी नाणेनिधीला सर्वांत आधी, जानेवारी २०२३ मध्ये दिली. त्यानंतर जपान आणि फ्रान्ससह त्याने धनको समितीचे सहअध्यक्षपदही भूषवले. चीनच्या एक्झिम बँकेने वेगळी वाटाघाट केली आणि रोख्यांची अदलाबदल डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली.

भारताने १९९१ मध्ये दुसऱ्या बाजूचा अनुभव घेतलेला आहे. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवले आणि सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. हप्ता चुकला नाही. त्या वेळी भारताने परदेशात डॉलरमधील सरकारी रोखे विकलेले नव्हते, हेही त्याच्या पथ्यावर पडले.

दिवाळखोरीची आंतरराष्ट्रीय प्रक्रिया असावी, असा प्रस्ताव नाणेनिधीच्या तेव्हाच्या उपप्रमुख अ‍ॅन क्रूगर यांनी २००१ मध्ये मांडला होता, पण नाणेनिधीचे करारनामे बदलण्यासाठी ८५ टक्के मते लागतात, अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक मते आहेत आणि तिच्या विरोधामुळे २००३ मध्ये प्रस्ताव बारगळला. त्याऐवजी रोख्यांच्या करारातच बहुमताचे कलम घालण्याची पद्धत रुळली, आणि ती उपयुक्त असली तरी सरकारी धनकोंमधील भांडणाला तिचा काही उपाय नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सप्टेंबर २०१५ मध्ये कर्ज पुनर्रचनेची काही मूलतत्त्वे १३६ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केली, मात्र ती कोणावरही बंधनकारक नाहीत. विरोधात मत देणाऱ्या सहा देशांमध्ये अमेरिका आणि ब्रिटन होते, आणि विकसनशील देशांचे बहुतेक आंतरराष्ट्रीय रोखे न्यूयॉर्कच्या किंवा इंग्लंडच्या कायद्याखालीच काढले जातात.