पहिल्या सेकंदाचा श्वास

भोपाळच्या नव्या भागात महाराणा प्रताप नगर नावाची मोठी पेठ आहे. कचेऱ्या, बँका, दुकाने आणि परीक्षांच्या शिकवण्या यांनी ती दिवसभर गजबजलेली असते. त्या गर्दीत रोग्यांच्या तपासण्या करणारी केंद्रेही आहेत. अशाच एका केंद्राच्या बाकावर गेल्या हिवाळ्यात आम्ही व आमची थोरली बहीण सकाळी बसून होतो. मेहुणे आत गेले होते. दीड वर्षापूर्वी त्यांची दोन्ही फुप्फुसे निकामी झाली, आणि चेन्नईस त्यांच्या छातीत दुसऱ्याची फुप्फुसे बसविण्यात आली. तो दाता कोण, हे आम्हांस ठाऊक नाही. ऐन दुःखाच्या घडीस त्याच्या घरच्यांनी होकार दिला, एवढेच ठाऊक आहे. शस्त्रक्रिया एकदाच होते, देखरेख मात्र जन्मभर चालते. म्हणून मधूनमधून भोपाळातच श्वासाची परीक्षा देऊन आकडे चेन्नईस कळवावे लागतात.

त्या दिवशी आकडा घसरला. आजवरचा चांगला आकडा अडीच लिटरचा होता, यंत्राने २.०४ दाखविला. बहिणीने कागद पाहिला आणि काही न बोलता तो पिशवीत ठेवला. शरीराने नवे फुप्फुस नाकारले की काय, हा एकच प्रश्न तिच्या मनात उभा राहिला असणार. आमच्या मनात तरी तोच होता.

परीक्षा घेणारी मुलगी लहान वयाची, पण नजरेने मोठी चौकस होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "अंकल कोई बाजा बजाते थे क्या?"

प्रश्न ऐकून आम्ही चकित झालो. कारण तरुणपणी मेहुणे आमच्या गावच्या बँडात कॉर्नेट वाजवीत. लग्नाच्या वरातीत, सणाच्या मिरवणुकीत दोन-दोन तास न थकता वाजविणारा गडी म्हणून त्यांची ख्याती होती. त्या मुलीने ओळखले ते त्यांच्या ओठांवरून. यंत्राची नळी दातांमध्ये धरून ओठांनी भोवतालून मिटावयाची असते. मेहुण्यांनी ती कॉर्नेटच्या तोंडाप्रमाणे मिटल्या ओठांवर दाबून धरली होती. शिवाय वाजविणारा दम राखून फुंकतो. सूर लांबवायचा असेल तर सगळा वारा एकदम सोडून चालत नाही. येथे नेमके उलटे आहे. येथे दम राखणारा नापास होतो.

यंत्र नेमके काय मोजते, हे आधी सांगितले पाहिजे. लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली पाण्यावर तरंगणाऱ्या घंटेसारखे भांडे असलेले श्वासमापक यंत्र लोकांपुढे मांडले. दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास त्यांनी मोजले, आणि माणूस जितका उंच तितका त्याचा श्वास मोठा, असा नियम त्यांना आढळला. पुढे शंभर वर्षांनी, १९४७ च्या सुमारास, फ्रान्समध्ये तिफनो यांनी वेळेकडे लक्ष वेधले. छातीत हवा किती मावते एवढ्याने भागत नाही. ती किती वेगाने बाहेर पडते हे महत्त्वाचे. निरोगी माणूस भरलेल्या छातीतील सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक हवा पहिल्या एका सेकंदात बाहेर टाकतो. श्वासाच्या वाटा अरुंद झाल्या की हा पहिल्या सेकंदाचा श्वास उणावतो. आज स्पायरोमीटर तळहातावर मावण्याइतका लहान झाला आहे; तत्त्व मात्र तेच राहिले आहे.

भोपाळ शहराला हे मोजमाप फार दुःखाच्या प्रसंगाने परिचयाचे झाले. १९८४ च्या डिसेंबरातील २ व ३ तारखांमधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मेथिल आयसोसायनेट सुटले आणि जुन्या शहराच्या दाट वस्त्यांवर पसरले. हजारो माणसे मेली. जी वाचली त्यांपैकी कित्येकांना धाप कायमची जडली. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टर एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी वायुपीडितांच्या श्वासाच्या परीक्षा घेऊन पहिली निरीक्षणे १९८५ सालीच प्रसिद्ध केली, व पुढे दोन वर्षे त्या रोग्यांचा माग ठेवला. १९९४ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ४५४ प्रौढांची पाहणी केली, आणि त्यांतील काही निवडकांचे श्वास यंत्रावर मोजले. ती पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. कारखान्याजवळ राहणाऱ्यांत श्वासाच्या तक्रारी अधिक, आणि फुप्फुसातील बारीक वाटांतून वाहणारी हवा कमी, असे तीत दिसले.

या बारीक वाटांपाशीच आमच्या मेहुण्यांची कथा भोपाळच्या कथेला मिळते. वायुपीडितांपैकी काहींच्या श्वासनलिकांच्या शेवटच्या बारीक फांद्या व्रणांनी बुजत गेल्याचे डॉक्टरांना आढळले. बसविलेले फुप्फुस शरीर हळूहळू नाकारू लागते, तेव्हाही बहुधा याच फांद्या अशाच बुजतात. कारण निराळे, पण घाव एकाच जागी. आणि तो आरंभी मुका असतो. फांद्या असंख्य असल्याने थोड्या बंद झाल्या तरी माणसास काही जाणवत नाही. त्यातून बसविलेल्या फुप्फुसाच्या मज्जातंतू कापलेल्या असतात. श्वासनलिकेच्या सांध्याखाली कफ साठला तरी खोकल्याची उबळ पूर्वीसारखी येत नाही. आपले स्वतःचे फुप्फुस खोकून, दुखून हाक मारते. पाहुणे फुप्फुस गप्प बसते. त्याच्या वतीने बोलतो तो पहिल्या सेकंदाचा आकडा. तो चुकीचा बोलला, तर एक तर घर उगाच घाबरते, नाही तर खरी घट "आज नीट फुंकले नाही" म्हणून सोडून दिली जाते. यांतील दुसरी चूक अधिक घातक.

तेव्हा फुंकावे कसे? त्या मुलीने मेहुण्यांना जे शिकविले ते आम्ही बाकावरून उठून दाराशी उभे राहून ऐकले.

पाठ सरळ ठेवून, पाय जमिनीवर टेकवून खुर्चीवर बसावे. जोरात फुंकताना घेरी येऊ शकते, म्हणून खुर्ची हातांची असावी. कमरेचा पट्टा किंवा घट्ट नेसण सैल करावी. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्यावी. ओठांना आधार मिळतो. पोट तुडुंब भरलेले नसावे, आणि तासाभरात जिने चढण्यासारखे श्रम झालेले नसावेत. नाकाला चिमटा लावावा. मग श्वास आत घ्यावा. सगळी परीक्षा येथेच जिंकली वा हरली जाते. खांदे उचलून घेतलेला श्वास छातीच्या माथ्यापर्यंतच जातो. पोट पुढे येईल, बरगड्या बाजूंना फाकतील असा घ्यावा, आणि आता भरले असे वाटल्यावर आणखी एक घोट घ्यावा. भरलेला श्वास कोंडून बसू नये. ओठांत फट न ठेवता तत्काळ, एका धक्क्याने, तोफेसारखा सोडावा. गाल फुगवू नयेत. चूल पेटविणाऱ्या बाईची फुंकणी गालांनी व थोड्या थोड्या वाऱ्याने चालते; येथील वारा पोटातून निघाला पाहिजे. पहिला धक्का संपल्यावर पुष्कळ लोक थांबतात. थांबू नये. हवा संपली असे वाटते तेव्हाही ती झिरपत असते. सहा सेकंद, दम असल्यास त्याहूनही अधिक, पुढे न वाकता पिळत राहावे. "और, और, और, छोड़िए मत," असे ती मुलगी ओरडत होती ते उगाच नव्हे.

निदान तीन वेळा नीट फुंकावे लागते, आणि त्यांतील सर्वांत चांगल्या दोन आकड्यांत दीडशे मिलिलिटरहून अधिक फरक नसावा. फरक पडला तर आकड्यावर विसंबू नये, पुन्हा फुंकावे. मध्ये विसावा घ्यावा.

दोन गोंधळ आम्ही घरोघर पाहिले आहेत. शस्त्रक्रियेनंतर तीन रंगीत चेंडूंचे जे उपकरण रोग्याच्या हाती देतात, ते फुंकावयाचे नसून ओढावयाचे असते. त्याने मिटलेली छाती उघडते, पण त्यावर परीक्षा होत नाही. दुसरे, ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडण्याची रीत धाप लागल्यावर फार गुणकारी आहे. यंत्रापुढे मात्र ती विसरावी. पोटाने श्वास घेण्याचा सराव तेवढा दोन्हीकडे उपयोगी पडतो. उताणे निजून पोटावर हात ठेवावा, आणि श्वासासरशी हात वर येतो की नाही ते पाहावे. रोज दहा मिनिटे पुरेत. छातीवरचा व्रण ताजा असेपर्यंत, किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, हृदयविकाराचा झटका आला असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, तर डॉक्टरांस विचारल्यावाचून फुंकू नये.

जगातले पहिले फुप्फुसरोपण १९६३ साली अमेरिकेत मिसिसिपी राज्यात डॉक्टर हार्डी यांनी केले. तो रोगी १८ दिवस जगला. १९८३ साली टोरोंटोस डॉक्टर कूपर यांच्या हातून ज्याला फुप्फुस मिळाले, तो सहा वर्षांहून अधिक काळ जगला. त्या वीस वर्षांत टाके घालण्याची कला सुधारली आणि शरीराचा नकार आवरणारी औषधे आली. पण नकार पुरता नाहीसा झालेला नाही, म्हणूनच रोज सकाळचे हे मोजमाप. हिशेब अवघड नाही. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुस स्थिरावल्यावर, निदान तीन आठवड्यांच्या अंतराने मिळालेल्या सर्वांत चांगल्या दोन आकड्यांची सरासरी हा पाया धरतात. मेहुण्यांचा पाया २.५० लिटर. त्याच्या दहा टक्के खाली, म्हणजे २.२५ च्या आत, आकडा दोन-तीन दिवस राहिला तर चेन्नईस कळवावयाचे, असे त्यांना सांगून ठेवले आहे. वीस टक्के घट टिकली, म्हणजे २.०० वर उतरली, तर तिला जुनाट बिघाडाची शंका मानून पुढच्या तपासण्या होतात. त्या सकाळचा २.०४ या रेषेच्या किती जवळ होता, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

मेहुणे पुन्हा आत गेले. बहीण दाराशी उभी राहून म्हणाली, "अहो, वरात नाही ही. सगळा दम आजच संपवा." मेहुणे हसले, आणि हसल्यामुळे पहिली फुंक वाया गेली. पुढल्या तिन्ही मात्र नीट झाल्या: २.४१, २.४४, २.३९. मुलीने कागद दिला. बहिणीने आधीचा कागद पिशवीतून काढला. ती तो फाडणार, तोच मुलीने हात धरला; चुकलेली फुंकही डॉक्टरांना पाहू द्या, म्हणाली.

आता घरी देवघराशेजारच्या फडताळात एक वही आहे. रोज सकाळी दात घासून झाले की मेहुणे यंत्र घेऊन खिडकीपाशी बसतात, आणि बहीण तारीख घालून तीन आकडे लिहिते. गेल्या रविवारी आम्ही ती वही चाळली. एका पानावर २.१९ असा आकडा होता आणि त्यापुढे बहिणीच्या अक्षरात लिहिले होते, 'सर्दी. फोन केला.' त्यानंतरची अकरा पाने आम्ही घाईघाईने उलटली. बाराव्यावर २.४० होता.