जीवंती आणि सह्याद्रीतील आमरी

च्यवनप्राशाच्या पाठात जीवंती आहे. चरकोक्त जीवनीय गणाच्या दहा द्रव्यांत ती आहे, आणि सूत्रस्थानात हिततम द्रव्यांची गणना करताना शाकवर्गात तिलाच श्रेष्ठत्व दिलेले आहे. इतक्या महत्त्वाच्या द्रव्याच्या नावाने व्यवहारात मात्र निदान तीन भिन्न वनस्पती वापरल्या जातात. गुजरातेत ‘डोडी’ या नावाने परिचित असलेली अर्ककुलातील वेल, म्हणजे लेप्टाडेनिया रेटिक्युलाटा, ही पहिली. केरळातील वैद्य त्याच कुलातील होलोस्टेमा वापरतात. तिसरी वनस्पती बंगाल व उत्तर भारताच्या व्यापारात ‘स्वर्णजीवंती’ म्हणून प्रसिद्ध असून ती एक आमरी, अर्थात ऑर्किड आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ही तिसरी वनस्पती होय.

सह्याद्रीच्या अतिपर्जन्य पट्ट्यात, दक्षिण महाराष्ट्राच्या घाटमाथ्यापासून गोवा, कर्नाटक व पुढे केरळपर्यंतच्या सदाहरित व निमसदाहरित अरण्यांत ही आमरी आढळते. जुन्या वृक्षांच्या शेवाळलेल्या फांद्यांवर आणि क्वचित ओलसर कातळांवर ती वाढते. लोक तिला सरसकट बांडगूळ म्हणतात, ते बरोबर नाही. बांडगूळ आश्रयवृक्षाचा रस शोषते. आमरी केवळ आधार घेते. तिच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते, त्यातून पावसाचे व धुक्याचे पाणी शोषले जाते. लोंबत्या, गाठीगाठींच्या खोडावर मधूनमधून फुगीर कांडी असतात आणि प्रत्येक कांड्याच्या टोकाला एकच चिवट पान असते. वाळल्यावर ही कांडी पिवळी व चकचकीत दिसतात, म्हणून ‘स्वर्ण’. पावसाळ्यात येणारे पांढरट फूल एका दिवसात मावळते. या प्रजातीला 1961 मध्ये दिलेल्या ‘एफेमेरँथा’ या नावाचा अर्थच क्षणजीवी फुलांची असा आहे. जीवंती म्हणून विकल्या जाणाऱ्या वनस्पतीला हे नाव मिळावे, हा योगायोग गमतीचा खरा!

नावांचा गोंधळ येथेच थांबत नाही. जुन्या द्रव्यगुण ग्रंथांत हिचा उल्लेख डेंड्रोबियम मॅक्रेई किंवा डेस्मोट्रायकम फिंब्रिएटम असा सापडतो, नंतरच्या ग्रंथांत फ्लिकिंजेरिया नोडोसा असा. आणि अलीकडे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ या साऱ्या प्रजातीला पुन्हा डेंड्रोबियममध्येच घेतात. त्यामुळे दोन लेखांत दोन नावे दिसली म्हणून द्रव्ये दोन आहेत असे समजू नये, आणि नाव एक दिसले म्हणून द्रव्य एक आहे असेही गृहीत धरू नये.

आता मूळ प्रश्न. ही आमरी शास्त्रोक्त जीवंती असू शकते काय? प्रस्तुत लेखकाच्या मते नाही. ज्या द्रव्याला शाकांत श्रेष्ठ म्हटले, त्याची पाने भाजी म्हणून खाल्ली जात असली पाहिजेत. अरण्यात उंच फांदीवर वाढणाऱ्या, कांड्याला एक चामट पान धारण करणाऱ्या वनस्पतीची भाजी कोण करणार? डोडीच्या कोवळ्या पानांची भाजी गुजरातेत आजही खातात. संदिग्ध द्रव्यांची चर्चा करणाऱ्या बापालाल वैद्यांसारख्या अभ्यासकांनी डोडीचाच पक्ष घेतला आणि आयुर्वेदिक फार्माकोपियानेही जीवंती म्हणून लेप्टाडेनियाच स्वीकारली आहे. आमरीला गुण नाहीत असा याचा अर्थ नव्हे. बंगालमधील परंपरेने तिचा उपयोग केला आहे व तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. परंतु जीवंतीचा पाठ तिने पूर्ण होत नाही.

या निवडीवर अरण्यातील बरेच काही अवलंबून आहे. आमरीचे बीज धुळीसारखे सूक्ष्म असते, त्यात अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीचे साहाय्य मिळाल्याखेरीज ते निसर्गात रुजत नाही आणि रुजलेल्या रोपाला फुलावर येण्यास काही वर्षे जातात. लुईस नड्सन यांनी 1922 मध्ये बुरशीविना, शर्करायुक्त माध्यमावर आमरीचे बीज रुजवून दाखवले, तेव्हापासून प्रयोगशाळेतील संवर्धनाचा मार्ग खुला आहे. पण पोत्यांनी माल पुरवण्याइतकी लागवड ही वेगळी बाब. गोळा करणारा संपूर्ण जुडगाच खरवडून काढतो, प्रसंगी फांदीच तोडतो. मुळावर काही शिल्लक राहत नाही, आणि जुने वृक्ष गेले की आधारही जातो.

कायद्याची बाजू औषधशाळा चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. ऑर्किडचे संपूर्ण कुल साइट्स कराराच्या परिशिष्टांत असून जवळजवळ सर्व जाती दुसऱ्या परिशिष्टात येतात. परवान्याशिवाय निर्यात होऊ शकत नाही. कोयना, चांदोली, राधानगरी यांसारख्या संरक्षित क्षेत्रांतून वनस्पती उपटून आणणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली गुन्हा आहे. जैविक विविधता कायद्यात 2023 मध्ये झालेल्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलत दिली, तिचा लाभ रानातून ओरबाडलेल्या मालाला मिळत नाही. डोडी मात्र बियांपासून वा छाटांपासून कुंपणावर सहज वाढते.

प्रतिनिधी द्रव्याची कल्पना आपल्याला नवीन नाही. अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ आहे असे सांगून भावमिश्रांनी जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद व ऋद्धि-वृद्धीऐवजी वाराहीकंद घेण्यास सांगितले. या चारही द्रव्यांची आजची प्रचलित ओळख हिमालयातील भूचर आमरींशी जोडली जाते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जीवंतीच्या बाबतीत तर प्रतिनिधीचीही गरज नाही.

माल घेताना परीक्षा अवघड नाही. पिवळी, चकचकीत, उभ्या सुरकुत्यांची, गाठीगाठींची कांडी दिसली तर ती आमरी. डोडीचे मूळ खडबडीत, बुचासारख्या सालीचे असते. शंका राहिल्यास तुकडा भिजवून आडवा छेद घ्यावा व साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. आमरी एकदल असल्याने तिच्या कांड्यात वाहिनीपुंज सर्वत्र विखुरलेले दिसतात. द्विदल डोडीच्या मुळात मध्यभागी काष्ठाचा सलग भाग आढळतो. चूर्ण झालेला माल या परीक्षेला पुरेसा ठरत नाही, म्हणून जीवंती नेहमी अखंड स्वरूपातच मागवावी आणि देयकावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव व उपयुक्त अंग लिहून घ्यावे.