लस घेऊनही ताप आला, मग उपयोग काय?

विहारात वंदना आटोपल्यावर सत्तरीच्या एका आजींनी मला बाजूला घेऊन विचारले, "ताई, कोरोनाच्या दोन्ही सुया घेतल्या, तरी मला कोरोना झालाच. आता डॉक्टर म्हणतात फ्लूची घ्या. कशाला घेऊ?" प्रश्न रास्त आहे. "डॉक्टर सांगतात म्हणून घ्या" एवढ्या उत्तराने भागत नाही.

मी विचारले, "आजी, भरती व्हावे लागले का?" "नाही, चार दिवस घरीच पडून होते." आजींच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. पण एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. लस न घेताही आजी कदाचित बऱ्या झाल्या असत्या. त्यासाठी लाखो माणसांचा हिशेब पाहावा लागतो.

असा हिशेब हाँगकाँगमध्ये मिळाला. तिथे वस्ती दाट आणि घरे अगदी लहान. २०२२ च्या सुरुवातीला ओमायक्रॉनची लाट आली, तेव्हा लस भरपूर होती आणि मोफतही होती. पण "म्हाताऱ्या अंगाला लस झेपणार नाही" या भीतीने ऐंशीच्या पुढच्या बहुतेकांनी दोन डोस घेतलेच नव्हते. जानेवारी ते मार्च या अडीच महिन्यांत सुमारे ५,९०० माणसे दगावली. त्यांतली शंभरात ९६ साठीच्या पुढची होती, आणि या वृद्धांपैकी शंभरात ७० जणांनी एकही डोस घेतलेला नव्हता. साठीच्या पुढच्या, लस न घेतलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण दोन किंवा जास्त डोस घेतलेल्यांच्या २० पटींहून अधिक होते. लस घेतलेलेही काही गेले, हे लपवायचे कारण नाही. पण ज्यांना जपायचे म्हणून घरच्यांनी लसीपासून दूर ठेवले, तेच सर्वांत जास्त गेले.

लागण होते पण जीव वाचतो, हे कसे? लस घेतल्यावर रक्तात अँटीबॉडी, म्हणजे जंतूला अडवणारे पदार्थ, तयार होतात. काही महिन्यांत त्या कमी होतात. नाका-घशात तर त्या मुळातच कमी पोचतात, म्हणून जंतू दारातून आत शिरतो आणि सर्दी-ताप येतो. पण जंतूची ओळख पटलेल्या पेशी शरीरात पुष्कळ काळ टिकतात. जंतू फुप्फुसात पसरण्याआधीच त्या कामाला लागतात. लस न घेतलेल्या शरीराला ही ओळख नव्याने करावी लागते, आणि म्हातारपणी तेवढा वेळ हाताशी नसतो.

म्हाताऱ्यांवर लस थोडी कमीच चालते, हे खरे आहे. तरीही फायदा त्यांनाच जास्त होतो. समजा, एका आजारात हजार तरुणांपैकी २ जण गंभीर होतात आणि लसीने धोका निम्मा होतो. वाचला एक. हजार वृद्धांपैकी ४० गंभीर होतात आणि लसीने धोका शंभरात ४० इतकाच घटतो. तरी वाचले १६. (आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.) मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांना हाच हिशेब लागू पडतो. चुलीच्या धुराने किंवा बिडीने छाती खराब झालेल्यांनाही.

आता फ्लूची गोष्ट. फ्लूचा विषाणू सारखा रूप बदलतो, म्हणून ही लस दरवर्षी घ्यावी लागते. लस विषाणूशी नीट जुळली त्या वर्षी ती आजार साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. शंभर टक्के नाही. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि लसीचा असर यायला दोन आठवडे लागतात, म्हणून मे-जूनमध्येच घेतलेली बरी. खासगी दवाखान्यात ती महाग पडते. महाराष्ट्रात मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि गरोदर बायांना ती सरकारी रुग्णालयांतून मोफत दिली गेली आहे, तेव्हा आधी तिथे चौकशी करा. साठा नसेल तर पुन्हा कधी येईल ते विचारा, आशाताईंनाही सांगून ठेवा.

आजीच्या बचावाची एक लस मात्र नातवाला द्यायची असते! न्यूमोनियाचा एक मोठा जंतू, न्यूमोकोकस, लहान मुलांच्या नाकात मुक्कामाला असतो. मूल खेळत असते आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या आजीच्या छातीत तो उतरतो. अमेरिकेत २००० साली बाळांना या जंतूची लस सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत, त्या लसीत असलेल्या प्रकारांमुळे होणारा गंभीर आजार म्हाताऱ्यांमध्येही खूप घटला. ती लस त्यांना दिलेली नव्हती, तरीसुद्धा. आपल्याकडे ही लस, पीसीव्ही, सरकारी केंद्रात मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. बाळाचे कार्ड आजच काढून बघा.

सुईनंतर एक-दोन दिवस दंड दुखतो, थोडी कणकण येते. फ्लूच्या सुईत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होत नाही. जोराचा ताप असेल तर बरे झाल्यावर घ्या. आधी एखाद्या लसीची मोठी ॲलर्जी झाली असेल, किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर आधी सांगा. सुईनंतर अर्धा तास तिथेच बसा.

आणि लस घेतलेली असली तरी एक ध्यानात असू द्या. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात कधी कधी ताप येतच नाही. जेवण सोडले, बडबडायला लागले, माणसे ओळखेनात, धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर "वय झाले" म्हणून थांबू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात न्या. १०८ ला फोन केला की ॲम्ब्युलन्स मोफत येते.